लाडवातली नथ

"काकू, सोनं परदेशी पाठवता येत नाही," कुरिअरवाला म्हणाला. कुमुदताईंनी नथ पुन्हा पदराच्या गाठीत बांधली.

लेकीच्या बाळंतपणाला जाणं जमलं नव्हतं. निदान नथ तरी नातीकडे जावी! घरी येऊन त्यांनी डिंकाचे लाडू वळले. अधिकमासात गुप्तदानाच्या लाडवात नाणं दडवतात, तशी एका लाडवात नथ दडवली आणि डबा धाडला. फोनवर मात्र अवाक्षर काढलं नाही. कुणी ऐकलं तर?

डबा पोचल्यावर लेकीचा फोन आला. "आई, रागावू नकोस हं. लाडवांना बुरशी आली होती गं. सगळे टाकावे लागले. कालच कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

त्यांचं बोट नकळत नाकाच्या रिकाम्या भोकावर गेलं.

"असू दे गं. लाडूच तर होते," त्या म्हणाल्या.

गुप्तदान कधी बोलून दाखवायचं नसतं.