छताचा झरोका

"बूट काढू का?" ऑरिनने ट्रेलरच्या, मोटारीमागे ओढायच्या त्या छोट्या घराच्या, दारातच विचारलं.

"नको हो. सकाळपासून चाळीस माणसं आत येऊन गेली," मार्लिस म्हणाली.

शेजारच्या ट्रेलरपुढे खुर्ची टाकून बसलेला डुएन ओरडला, "काढा, काढा! त्या बाईने फरशी टूथब्रशने घासलीय. नऊ वर्षं बरे बरे ट्रेलर सोडून हाच एक शोधत होती, आहात कुठे!"

ऑरिन हसला नाही. दाराजवळच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकावरून त्याने बोट फिरवलं. हाच क्रमांक मार्लिसने जुन्या ट्रेलरवाल्यांच्या मासिकात छापून आणला होता. छप्पन सालचा हा ट्रेलर ज्यांनी नवा घेतला, त्या घरचं कोणी असेल तर विस्कॉन्सिनच्या मेळाव्याला यावं. हौशी लोक असं करतातच. मूळ घरचं माणूस आलं की त्याला आत बसवून कॉफी द्यायची, जुने फोटो मागायचे.

ऑरिनने फोटो आणले नव्हते.

"इतक्यांतून हाच का घेतलात?" त्याने विचारलं.

"रंग आवडला." मार्लिसने कॉफी ओतली. "तुमच्या वडिलांनी एका शेतकऱ्याला विकला होता ना? त्याच्या कोठारात पडून होता. आत मक्याची पोती. त्यानंतर हीटर कुणी पेटवलाच नाही."

ऑरिनने कप खाली ठेवला.

"मी त्यासाठीच आलोय," तो म्हणाला. "बासष्ट साली आम्ही तळ्याकाठी उतरलो होतो. माझी बहीण, जूडी, सहा वर्षांची. तिला ताप होता म्हणून आईने हीटर लावून या बाकावर निजवलं. मी नऊ वर्षांचा. तिला गार वारा लागू नये म्हणून छताच्या झरोक्यात स्वेटर कोंबला आणि बाबांबरोबर मासे धरायला गेलो. दुपारी तिला जेवायला उठवायला मीच आलो."

बाहेर डुएन कुणाला तरी सांगत होता की आमच्या ट्रेलरचं छप्पर गळतं, पण फक्त पाऊस पडला तरच.

"डॉक्टर म्हणाले, हीटरचा वायू. स्वेटर मी ते यायच्या आधीच ओढून काढला होता. कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. दुरुस्तीसाठी तुम्ही भिंती उघडल्या असतील, मला खरं सांगा. झरोका उघडा असता, तर ती वाचली असती?"

मार्लिसने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. तिने शब्द जपून वापरले.

"नाही. हीटरच्या धुराची नळी भिंतीतून बाहेर निघते. ती आत बुजलेली होती. सगळा वायू आत कोंडला. त्यापुढे एवढ्याशा झरोक्याने काही झालं नसतं."

"बुजलेली? कशाने?"

"कुंभारमाशीने. मातीचं घर केलं होतं. वाळून दगड झालेलं."

"माशी," ऑरिन म्हणाला. मग पुन्हा, "एक माशी." त्याचे खांदे हलायला लागले. निघताना त्याने तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही हा शोधला नसता, तर मी तसाच मेलो असतो."

ती त्याला मोटारीपर्यंत सोडून आली.

"काय गं, रडवलंस की म्हाताऱ्याला!" डुएन म्हणाला. "असं काय सांगितलंस?"

"हीटरबद्दल विचारत होता."

मेळाव्यात दुपारी दार लावायचं नसतं. मार्लिसने ते लावलं. बाकाखालचा खण उघडून, नळीतून निघालेली वस्तू तिने मांडीवर घेतली. भातुकलीतलं पत्र्याचं भांडं, त्यात वाळलेला चिखल, चिखलावर इवल्या बोटांनी ओढलेली नक्षी. बासष्ट साली तळ्याकाठी मैत्रिणीला, जूडीला, ताप आला म्हणून शेजारच्या तंबूतल्या सात वर्षांच्या मार्लिसने तो केक केला होता, आणि नीट भाजावा म्हणून गरम नळीत हात पोचेल तितका आत सरकवला होता.