टायगर शार्कच्या पोटातली पिसं

शार्कच्या पिल्लाच्या पोटातून पिसं बाहेर आली तेव्हा कॅप्टन वेंडेल लॅडनियर हसला. म्हणाला, सीगल गिळला असेल, या टायगर शार्कना काय, नंबरप्लेटसुद्धा पचते.

ओडेसा हसली नाही. अलाबामाच्या किनाऱ्यावर दर ऑक्टोबरात ती शार्कची पाहणी करायची. पिल्लू डेकवर घ्यायचं, तोंडात नळी घालून समुद्राचं पाणी सोडायचं, पोटातून येईल ते चाळणीत धरायचं आणि पिल्लू परत पाण्यात. तिनं एक पीस बोटांनी सरळ केलं. तपकिरी होतं. समुद्रपक्ष्याचं नव्हतंच.

"थ्रॅशर आहे," ती म्हणाली. "झुडपात बसून गातो तो."

शेपटी धरून बसलेल्या वेंडेलनं विचारलं, तो इथं पाण्यावर कशाला येईल? ओडेसानं सांगितलं, दक्षिणेकडे निघालेले पक्षी वादळात सापडले की थकून पडतात. आणि परवा संध्याकाळीच वादळ झालं होतं.

मग चाळणीत पाय आला. पायात बारीक धातूची कडी, पक्ष्यांची नोंद ठेवायला घालतात तसली. ओडेसा त्यावरचा नंबर वाचू लागली. चार आकडे वाचून झाले आणि पुढचे वेंडेलनं न बघताच सांगितले.

परवा सकाळी ती कडी त्याच्या बायकोनं, कोरीननं घातली होती आणि पक्षी सोडून दिला होता. तिला बारीक दिसत नाही, म्हणून नंबर त्यानंच वाचून दाखवला होता. खिडकीच्या काचेवर आपटून पंख दुखावलेला तो पक्षी तीन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरात होता. वेंडेलच्या ताटातले मक्याच्या पावाचे कण टिपायचा.

वेंडेलची मूठ शेपटीवर आवळली.

"सोडा त्याला, कॅप्टन," ओडेसा हळूच म्हणाली. "यंदाचंच पिल्लू आहे."

"तोही यंदाचाच होता."

पिल्लाचे कल्ले धपापत होते. वेंडेलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी उचलून ते कठड्यावरून पाण्यात सोडलं.

घरी कोरीन भांडी विसळत होती. त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. तिनं विचारलं, किनाऱ्यापासून किती लांब?

"अकरा मैल."

"अकरा मैल," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, अंगणातल्या ओकच्या झाडापर्यंतही पोचायचा नाही."