ऑल्ट आणि एफ-फोर

व्हरांड्यात साहेबांच्या कोल्हापुरीची करकर ऐकू आली आणि कुलथ्यांची बोटं आपसूक ऑल्ट आणि एफ-फोरवर पडली. ‘सेव्ह करायचं?’ असं कॉम्प्युटरनं विचारलं. सवयीनं त्यांनी ‘नाही’ दाबूनही टाकलं.

या दोन बटणांनी पत्त्यांचा डाव बंद करण्यात पाणीपुरवठा कचेरीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेब दारात पोचेपर्यंत स्क्रीनवर नुसती वॉलपेपरची हिरवी टेकडी उरायची. ही चपळाई कामात दाखवली असती, तर एव्हाना आपण हेडक्लार्क झालो असतो, हे त्यांनाही कळत होतं.

पण आज स्क्रीनवर पत्ते नव्हतेच! साहेब आज निवृत्त होत होते आणि कुलथे सकाळपासून त्यांच्या निरोपाचं भाषण लिहीत होते. शेवटची ओळ तेवढी सुचत नव्हती. जन्मात एकदा मन लावून काम केलं, तेही स्वतःच्याच हातांनी घालवलं.

साहेब आत आले आणि टेकडी बघून हसले.

“देवाशपथ साहेब, आज खरंच काम करत होतो. तुमचं भाषण लिहीत होतो.”

“आज तरी थापा मारू नका हो, कुलथे. घरी बायको म्हणते, तुम्ही मांजरासारखे येता, चाहूलच लागत नाही. इथे मात्र इतकी वर्षं मी मुद्दाम चपला करकरवत येतोय. तुम्हाला पकडायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून.”

कुलथ्यांना भाषणाची शेवटची ओळ मिळाली. भाषण तेवढं उरलं नव्हतं.