पेट्रोलची मोटार

दिल्लीला पहिल्या नोकरीवर निघालेल्या तुळसीला मद्रास सेंट्रलवर सोडायला अप्पा स्वतः मोटार चालवत होते. अंबत्तूरच्या पुढे मोटार आचके देत बंद पडली. तुळसीने टाकीचं झाकण उघडलं, तर भपकन पेट्रोलचा वास आला. डिझेलच्या मोटारीत पेट्रोल!

"अप्पा, वीस वर्षं डिझेलच्या लॉऱ्या दुरुस्त करता तुम्ही! आजच कसं चुकलात?"

अप्पा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले.

गाडीची वेळ टळून गेली, तशी तुळसी ट्रंकेवर बसली. वैतागाने तिला रडू फुटायचं बाकी होतं. "आता ऑफिसला तार करायला हवी. पुढची गाडी उद्या!"

"उद्या डिझेलच भरतो मा," अप्पा खालमानेने लेकीला म्हणाले, "नक्की."