नवा सुपरचार्जर

शिवरे गावातल्या आपल्या गॅरेजात बुद्धभूषणनं चालू गाडीच्या सुपरचार्जरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ रामभाऊंच्या कानाला लावली. आत खडे भरडल्यासारखी घरघर होती. "बेअरिंग संपलंय, तात्या. असंच पळवलं तर इंजिनबी जाईल." इंजिनाला जादा हवा पाजणारं हे यंत्र त्यानं आणि रामभाऊंच्या लेकानं मिळून बसवलं होतं, शर्यतीत पळायच्या हौसेनं. लेक जर्मनीला जाऊन सहा वर्षं झाली. बॅटरी उतरू नये म्हणून रामभाऊ दर रविवारी गाडी भाटघरपर्यंत फिरवून आणत. त्यांनी बाहेर जाऊन लेकाला फोन लावला. "नवा कशाला बसवताय, तात्या? गाडीच विकून टाका. मी कुठं परत येतोय?" रामभाऊ आत आले तेव्हा बुद्धभूषण हात पुसायचं विसरून त्यांच्याकडं बघत होता. "काय म्हनला आमचा दोस्त?" "नवा बसवा म्हनला," रामभाऊ म्हणाले, "पन तुज्याच हातनं."