फिल्टरवरचं कुंकू

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही गाडी घेतली. पूजा करताना बायकोने बॉनेट उघडायला लावून एअर फिल्टरवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. "अहो, गाडी श्वास घेते ती इथूनच ना?" पुढे दरवर्षी शोरूमने फिल्टर बदलला की नव्यालाही ती कुंकू लावायची.

यंदा सर्व्हिसिंग करून जावई गाडी घेऊन आला. "फिल्टर नवा टाकलाय म्हणाले."

"बघू. कुंकू दिसलं तर जुनाच." मी झाकण काढलं. आत कुंकवाचं लालभडक बोट उमटलं होतं.

"चोर लेकाचे!"

"पण बाबा, फिल्टरचा कागद तर कोरा पांढरा आहे."

मी फिल्टर हातात घेतला. कुंकू ओलं होतं, माझ्या बोटाला लागलं.

बायको मागच्या श्रावणात वारली.