इराण्णांचा फोन

मिरजेचे फोटोग्राफर इराण्णा कुंभार दर रविवारी फोन करून मालनबाईंची विचारपूस करत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी बाईंच्या लेकीच्या लग्नाचे फोटो काढले होते. यजमान गेले तेव्हा तर बाई तासभर त्यांच्याशी फोनवर बोलत रडल्या होत्या. पण या रविवारी इराण्णा त्यांच्याशी बोलत असतानाच शेजारणीच्या फोनच्या स्पीकरवरूनही इराण्णांचाच आवाज आला, आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी त्या थेट स्टुडिओत गेल्या. इराण्णा उठले, क्षणभर थांबले. त्यांच्या कानातलं यंत्र लुकलुकलं, आणि मग ते हसून म्हणाले, "या, मालनवहिनी! गुडघा कसा आहे?"

"ते आधी काढून ठेवा," बाई म्हणाल्या. इराण्णांनी यंत्र काढलं. "आता सांगा, माझ्या घरी कोण कोण असतं?"

इराण्णांनी हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "दोन हजार गिऱ्हाइकं आहेत, वहिनी. माझ्या आवाजात हे यंत्रच सगळ्यांशी बोलतं."

"मग त्या दिवशी मी रडले ते कुणापुढे?"

इराण्णांची मान खाली गेली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं होतं, वहिनी?"